पाळीची तारीख आणि वाटांची आठवण



मेंदू आणि वर्तनाच्या अभ्यासकांच्या या परिषदेची अध्यक्ष म्हणून आज मी एकच विषय आग्रहाने मांडणार आहे: लैंगिक संप्रेरके आणि वाटा, जागा लक्षात ठेवण्याची आपली शक्ती.

‘बायकांना रस्ते कळत नाहीत’ हे घरोघरी ऐकू येते. मनातल्या मनात आकृती फिरवून पाहण्याच्या चाचणीत पुरुषांची सरासरी सरस असते, हे खरे आहे. कोणती वस्तू कुठे होती हे आठवण्यात मात्र बहुधा स्त्रिया पुढे असतात. यात संप्रेरकांचा वाटा किती? नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी ४२ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना जिभेखाली टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा थेंब दिला, उरलेल्यांना औषध नसलेला थेंब. मग साऱ्याजणींनी संगणकावरच्या आभासी चक्रव्यूहात ठिकाणे शोधली. टेस्टोस्टेरॉन मिळालेल्यांचे दिशांचे भान सुधारले, पण ठिकाणे सापडण्याचे प्रमाण काही वाढले नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो. संप्रेरकाने दिशांचे भान बदलू शकते. तेवढ्यावरून कुणाला हुशार वा मठ्ठ ठरवता येत नाही.

इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाचे काम तर पेशींपर्यंत दिसते. जागेची आठवण घडवणाऱ्या हिपोकॅम्पसमधील चेतापेशींवर बारीक काटे असतात. संदेश तिथे उतरतात. कॅथरीन वूली, ब्रूस मॅकएवन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले की, उंदराच्या मादीत, इस्ट्रोजेन वर-खाली होणाऱ्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात, एका दिवसात या काट्यांची दाटी सुमारे ३० टक्क्यांनी उतरते. प्रौढ मेंदू असा घडत-मोडत असतो.

एवढे ठाऊक असूनही आपण काय केले? चक्रामुळे आकडे विस्कळीत होतात असे म्हणून प्रयोगांतून माद्याच वगळल्या. २००९ मधील शोधनिबंधांच्या पाहणीत मेंदूविज्ञानात केवळ माद्यांवरील एका अभ्यासामागे केवळ नरांवरील साडेपाच अभ्यास आढळले. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या हिपोकॅम्पसचा २००० मधला गाजलेला अभ्यासही केवळ पुरुषांचा होता. पुढे उंदरांवरील अभ्यासांच्या आढाव्यात माद्यांचे आकडे नरांपेक्षा अधिक विस्कळीत नसल्याचेच दिसले. म्हणजे वगळण्याचे कारणही टिकले नाही.

अभ्यासातून स्त्रियांना असे वगळण्याची किंमत कोण मोजते? बीडच्या अनेक ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भपिशव्या ऐन तारुण्यात काढल्या गेल्या, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही गेली, तर इस्ट्रोजेन एकाएकी आटते. रजोनिवृत्तीपूर्वी अंडाशये काढलेल्या स्त्रियांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक असल्याचे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या अभ्यासात दिसले आहे. या बायकांच्या स्मरणशक्तीची विचारपूस आपणच करायला हवी.

म्हणून तरुण संशोधकांना माझी विनंती आहे. स्मरणशक्तीच्या प्रत्येक चाचणीच्या कागदावर वयाशेजारी पाळीची तारीख, गर्भनिरोधक गोळ्या, बाळंतपण, रजोनिवृत्ती आणि शस्त्रक्रिया यांचे रकाने ठेवा. प्रश्न अदबीने, एकांतात आणि संमतीने विचारा. पुरुषांच्याही टेस्टोस्टेरॉनची पातळी दिवसभरात बदलते, तेव्हा चाचणीची वेळही लिहा. पुढच्या अधिवेशनात मांडल्या जाणाऱ्या प्रत्येक निबंधात हे रकाने भरलेले असावेत, असा ठराव मी या सभेपुढे मांडते.