गच्चीवरील सौर वीज आणि आभासी चलन



अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांत आज हजारो गच्च्या उन्हात मोकळ्या पडून आहेत. एक किलोवॉट क्षमतेच्या सौर संचास सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यांतील दिवे यांच्या खर्चाने वाकलेल्या गृहनिर्माण संस्थांना हा मोठाच आधार आहे.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' मंजूर केली. तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेचा संच बसविणाऱ्या कुटुंबास तीत कमाल ७८ हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सोयींसाठी ते किलोवॉटमागे १८ हजार रुपये आहे. ही रक्कम संच कार्यान्वित झाल्यावर थेट बँक खात्यात जमा होते.

आता एक नवा प्रश्न पुढे येतो आहे. बिटकॉइनसारख्या आभासी चलनात किंमत स्वीकारून सौर उपकरणे विकणारे विक्रेते जगात आहेत. दक्षिण आफ्रिकेतील एका कंपनीने तर जगभरातील लोकांना बिटकॉइन घेऊन सौर घट विकले आणि ते तेथील शाळा व संस्थांना भाड्याने दिले. मग उपनगरातील कुटुंबाने असा व्यवहार का करू नये?

कायद्याची स्थिती प्रथम पाहू. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते; सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. आभासी चलन जवळ बाळगणे हा गुन्हा नाही. मात्र ते वैध चलनही नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि वस्तूच्या बदल्यात ते देणे हेही हस्तांतरणच होय. समजा, १ लाख रुपयांना घेतलेले चलन २ लाखांचे झाले आणि ते देऊन सौर संच घेतला. हाती एक रुपयाही न येता १ लाखाच्या नफ्यावर उपकरासह ३१,२०० रुपये कर भरावा लागेल. एका चलनातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजाही करता येत नाही.

परंतु कराहून मोठा प्रश्न जबाबदारीचा आहे. सौर संच ही बाजारातून पिशवीत घालून आणण्याची वस्तू नव्हे. पॅनेलच्या कार्यक्षमतेची हमी सामान्यतः पंचवीस वर्षांची असते. इन्व्हर्टर त्याआधीच बदलावा लागतो. मुलुंडमध्ये महावितरण असो, अंधेरी-बोरिवलीत अदानी इलेक्ट्रिसिटी वा टाटा पॉवर असो, नेट मीटरसाठी अर्ज त्या वीज कंपनीकडेच करावा लागतो. इतक्या दीर्घ संबंधात पैसे कोणाला दिले, याचा पुरावा हाच ग्राहकाचा खरा आधार. धनादेश वटण्यापूर्वी थांबविता येतो. एकदा पाठविलेले आभासी चलन घेणाऱ्याच्या मर्जीवाचून परत येत नाही, आणि पत्त्यामागचा माणूस कोण, हे अनेकदा उमगतही नाही.

महाराष्ट्राने याचा कटू अनुभव घेतला आहे. 'गेनबिटकॉइन' प्रकरणात दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवून फसविल्याच्या तक्रारी २०१८ मध्ये पुण्यात नोंदल्या गेल्या. पुढे २०२३ मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. गुंतवणूकदारांची वर्षे मात्र वाट पाहण्यात गेली.

गृहनिर्माण संस्थेची गच्ची ही तर सामाईक मालमत्ता. तेथे सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, आणि लेखापरीक्षकापुढे ठेवता येईल अशी पावती हवी. भाव रोज चढउतार करणाऱ्या चलनात संस्थेचा निधी गुंतविणे पदाधिकाऱ्यांना परवडणारे नाही.

हे केवळ मुंबईपुरते नाही. गावच्या शाळेवर वा ग्रामपंचायतीच्या इमारतीवर संच बसविताना विक्रेत्याची नोंदणी तपासावी, वस्तू व सेवा कराच्या क्रमांकासह बिल घ्यावे आणि रक्कम बँकेमार्फतच द्यावी. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. सूर्य आपली वीज विनामूल्य देतो. ती घरात आणणारा मात्र पंचवीस वर्षे ओळखीचा आणि उत्तरदायी राहील, एवढी दक्षता शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्यांनी घ्यावयास हवी.