दुखत नाही, म्हणून थांबू नका
(डोंबिवलीतील महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या वस्त्यांत काम करताना एक वाक्य सारखं कानावर येतं. "छातीत गाठ आहे, पण दुखत कुठं आहे?" आपण बायका दुखणं अंगावर काढतो, जे दुखत नाही ते तर मोजतच नाही. पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

घाबरू नका. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींत हाताखाली सरकणारी साधी गाठ असते, अंगावर पाजणाऱ्या बाईला गळू होतं. मात्र हे नुसतं चाचपून ठरत नाही. आधी डॉक्टरांनी दोन्ही स्तन आणि काखा तपासायच्या. मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी. तरुण वयात आधी सोनोग्राफी. शंका राहिली तर जाड सुईनं छोटा तुकडा काढून तपासायचा. तिन्हींचं उत्तर जुळलं पाहिजे. सुईनं कर्करोग पसरतो, ही भीती मनातून काढा. तुकड्याचा रिपोर्ट येण्याआधी कुणी गाठच कापायची घाई केली, तर "का?" असं विचारा.

सुजेचंही तसंच. पाजणाऱ्या बाईची लाल, गरम सूज औषधानं उतरते. एक-दोन आठवड्यांत उतरली नाही, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर पुन्हा तेच औषध घेत बसू नका.

टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींचे स्तन दर दोन वर्षांनी हातानं तपासले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. चार आठवडे शिकून तयार झालेल्या आरोग्यसेविका होत्या. २०२१ साली निष्कर्ष आले: पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. म्हणून तरुण बाईनं तपासणीच्या फेरीची वाट पाहू नये. गाठ लागली की जावं.

पण जायचं कसं? रोज बुडतो, घरी विचारावं लागतं, पुरुष डॉक्टरसमोर पदर काढवत नाही. हा त्या बाईचा भित्रेपणा नव्हे, ही व्यवस्थेची उणीव आहे. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांची स्तनतपासणी आहे. ती आपल्या दवाखान्यात, ठरल्या वारी, आडोशाला, स्त्री कर्मचाऱ्याकडून व्हावी, अशी लेखी मागणी करूया. आणि कुणाला गाठ सापडली तर तिला एकटीला पाठवू नका. मंडळातली एक जण सोबत जाऊ दे, आणि रिपोर्टची फाइल त्या बाईच्याच हातात राहू दे.