धनुष्याच्या आधी बाणाचं बघू
(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, होटगी : भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. कारण जेवणानंतर आपण वर्गणीचं ठरवणार आहोत, आणि ग्रुपवर जवळपास सगळ्यांनी शाळेला तिरंदाजीचं साहित्य द्यायला होकार कळवलाय. यादीत सहा बांबूची धनुष्यं आणि दोन डझन बाण आहेत. माझं म्हणणं असं की चारच धनुष्यं घ्या आणि बाण सहा डझन घ्या, तेही निवडून. ते का, एवढंच सांगते. गेली काही वर्षं रविवारी सकाळी मी बांबूचं धनुष्य चालवते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, नागपूरचा ओजस देवतळेही तिथेच जिंकला. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला जाऊन आला होता. तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक शाळेला धनुष्य हवंय. चांगलंच आहे. पण अदिती-ओजसचं धनुष्य चाकांचं, कंपाउंड. आपल्या मुलांच्या हातात सुरुवातीला येणार ते साधं बांबूचं, 'इंडियन राउंड'चं. त्याला ना दुर्बीण, ना बाण टेकवायला मधोमध कापलेली खिडकी. आणि सगळी गोम त्या न कापलेल्या लाकडात आहे.

बघा, दोरी येते धनुष्याच्या मधल्या रेषेत. बाण मात्र मुठीच्या एका बाजूला टेकलेला असतो, उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या डाव्या बाजूला. म्हणजे दोरी सुटून पुढे जाईल तसं बाणाचं टोक डावीकडे वळायला हवं. तरी नीट जुळलेला बाण सरळ जातो. कसा? तो सरळ राहतच नाही म्हणून. मागून दोरीचा धक्का बसला की दांडी वाकते, मुठीला वळसा घालते, मग उलट्या बाजूला वाकते आणि पिसं लाकडाला न शिवता निघून जातात. पुढे काही अंतर बाण पाण्यातल्या विरोळ्यासारखा वळवळत जातो आणि मग शांत होतो. डोळ्यांना हे दिसत नाही. अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन नावाच्या शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं, तेव्हा लोकांचा विश्वास बसला.

म्हणजे दांडी किती वाकते यावर सगळं आलं. गरजेपेक्षा ताठ बाण वळसा घालत नाही, डावीकडे जातो. फार लवचिक बाण जास्त वळतो, उजवीकडे जातो. (डावखुऱ्यांनी हे उलटं वाचावं. आपल्या वर्गात चार होते, मला नावं आठवतात.)

आता मुलांकडे या. धनुष्यावर 'तीस पाउंड' लिहिलेलं असतं ते साधारणपणे 28 इंच ओढल्यावरचं. सातवीतली मुलगी 24 इंच ओढते. प्रत्येक इंचाला दोन-अडीच पाउंड कमी धरले तर तिच्या बोटांवर वीस-बावीसच पाउंड येतात. पण तिला बाण दिलेला असतो तीस पाउंडांचा, वर तिच्या मापाला कापून आखूड केलेला. आखूड दांडी आणखी ताठ. नववीत सरांनी दोन विटांवर पट्टी ठेवून मध्ये वजन टांगायला लावलं होतं, आठवतंय? लांबी 10 टक्के वाढली की वाक 33 टक्क्यांनी वाढतो. जाडी 10 टक्के कमी केली तर ताठपणा एक तृतीयांशाने उतरतो. परीक्षेपुरतं वाटलं होतं ते, इथे रोज लागतं.

गेल्या हिवाळ्यात अशीच एक मुलगी माझ्याकडे आली. तिचे सगळे बाण डावीकडे, वीतभर. कुठल्याशा शिबिरात तिला तीन दिवस एकच ऐकवलं होतं, "हात हलतो तुझा." ती खेळ सोडायच्या बेतात होती. मी तिचे बारा बाण बघितले. बाराही डावीकडे, पण मुठीएवढ्या जागेत. अहो, हात हलत असता तर बाण चहूकडे विखुरले असते! आमच्या धंद्यात जी चूक दरवेळी हुबेहूब तशीच होते तिला आम्ही जवळजवळ सुटलेली समजतो. तिला न कापलेले, लांब बाण दिले आणि टोकाचं वजन वाढवलं. लांब दांडी आणि जड टोक, दोन्हींनी बाण लवचिक वागतो. दुसऱ्या रविवारी तिचे बाण मधल्या वर्तुळाच्या आजूबाजूला लागायला लागले. हात तोच होता.

म्हणून माझी पहिली विनंती पीटीच्या सरांना : बाण आल्या आल्या कापू नका. कापलेला बाण वाढत नाही, आणि मुलं वाढतात.

दुसरं, बाण मोजून घ्या. यंत्र विकत आणायची गरज नाही. फळीवर दोन खिळे 26 इंचांवर, म्हणजे 66 सेंटिमीटरवर ठोका. त्यावर बाण ठेवा आणि मधोमध किराणा दुकानातली 500, 200 आणि 200 ग्रॅमची मापं टांगा. दोन पाउंडांचा रिवाज आहे, 900 ग्रॅम जवळपास तेवढेच. किती मिलिमीटर वाकला ते पट्टीने बघा आणि 660 ला त्या आकड्याने भागा. 22 मिलिमीटर वाकला तर बाण तीस पाउंडांचा, 33 वाकला तर विसाचा. हा आकडा सुरुवातीचा अंदाज आहे, अखेरचा निकाल मैदानात लागतो. एका मुलाच्या सहा बाणांत पाच पाउंडांपेक्षा जास्त फरक नको. बांबू फिरवून मोजा, कारण तो एका अंगाने जास्त ताठ असतो. ते अंग सगळ्या बाणांत मुठीकडे यावं अशी खाच पाडायची. खाचेखाली सूत घट्ट गुंडाळायचं, नाहीतर बांबू चिरतो आणि बोटाला लागतं. सोलापूरकरांना सूत गुंडाळायला मी काय शिकवणार!

मग मैदानात, दहा-बारा मीटरवरून, पिसं लावलेले तीन बाण आणि बिनपिसांचे दोन मारायचे. पिसं बाणाला वाटेत सावरतात, म्हणजे दोष झाकतात. बिनपिसांचा बाण खरं बोलतो. तो पिसांच्या बाणांच्या खाली लागला तर दोरीवरची खूण फार वर आहे, थोडी उतरवा. वर लागला तर चढवा. खूण काटकोनापासून अर्धा इंच वर ठेवून सुरुवात करावी. आधी हे वर-खालचं, मगच डावं-उजवं. त्याही आधी दोरी आणि मूठ यांतलं अंतर. दोरीला पीळ दिला की ते वाढतं, सोडला की घटतं, आणि ते फार कमी असेल तर दोरी मनगटावर फटका देते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि वहीत लिहायची. दोन बदलल्या तर कशामुळे सुधारलं ते देवालाही कळत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात बांबू कडक वाळतो, जून-जुलैत ओल धरतो आणि वाकतो. म्हणून पाऊस लागला की पुन्हा मोजणी. वाकलेला बाण विस्तवावर हलका शेकून हाताने सरळ होतो, हे काम बुरूडकाम करणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं जमतं. एखाद्या कारागिराला शाळेत बोलवा, मानधन द्या. 'शर' या शब्दाचा मूळ अर्थच मुळी बोरूसारखं गवत. बाण आधी उगवतो, मग घडतो. आणि ती घडण आपल्या भागात अजून हातात आहे, ती ऑनलाइन मागवून कशाला घालवायची?

धनुष्यं कमी पडतील अशी शंका सकाळी वर्गमित्रांनी काढली. चार धनुष्यांवर सोळा मुलं पाळीपाळीने शिकू शकतात, तसंही मैदानात एका वेळी चारांपेक्षा जास्त उभे करू नयेत. पण एकाचे बाण दुसऱ्याला चालत नाहीत, सोळा जणांचा चष्मा एक नसतो तसं. प्रत्येकाच्या नावाचे चार बाण म्हणजे चौसष्ट. सहा डझनांतले उरलेले आठ मोडण्यासाठी, कारण मोडणारच.

फळी आणि खिळे मी आणलेत, मागच्या व्हरांड्यात मांडून ठेवते. मापं मात्र वाण्याकडून मागून आणलीत, संध्याकाळच्या गाडीच्या आधी परत करायची आहेत. ज्यांना बघायचंय त्यांनी जेवायच्या आधी या.