एकट्या यात्रिकाचा मुक्काम
(सुवर्ण महोत्सवानिमित्त शेगाव येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शेगाव हे पायी येणाऱ्यांचे गाव आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गावर येथे स्थानक आहे, चहूबाजूंनी पक्के रस्ते येतात. तरीही वर्षभर कोणी ना कोणी खांद्यावर पडशी टाकून या गावाच्या वेशीत पायीच शिरतो. दिनांक २३ फेब्रुवारी १८७८ रोजी श्री गजानन महाराज येथे प्रथम दृष्टीस पडले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी येथेच समाधिस्थ झाले. त्या स्थानाच्या ओढीने माणसे चालतात. आषाढीला येथून पंढरपूरकडे श्रींची पालखी निघते. नागझरी, अकोला, पातूर, मालेगाव, शिरपूर, रिसोड, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर, सोलापूर अशी वाट आक्रमीत ती सुमारे ७०० किलोमीटर अंतर महिन्याभरात कापते. या वाटेवरील शिरपूर म्हणजेच अंतरिक्ष पार्श्वनाथांचे शिरपूर. वारकऱ्याची वाट आणि जैन यात्रिकाची वाट या एका गावात परस्परांना भेटतात.

पालखीबरोबर चालणाऱ्याचा मुक्काम आधी ठरलेला असतो. कोणत्या गावी भोजन, कोणत्या शाळेत निद्रा, पाण्याचा टँकर कोठे, याची व्यवस्था संस्थान आणि गावकरी करतात. परंतु हीच वाट जो पालखीचा काळ सोडून एकट्याने चालतो, त्याच्यापुढे रोज सायंकाळी एकच प्रश्न उभा राहतो : आजची रात्र कोठे? उत्तर कधी देवळाचा सभामंडप असतो, कधी सुटीतल्या शाळेची ओसरी, कधी खळ्यावरचा मांडव आणि कधी केवळ झाडाखालची जमीन. अशा मुक्कामाचा धर्म कोणता, आणि त्याला जागा देणाऱ्याचा धर्म कोणता, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

श्रमणांची पूर्वपीठिका

जैन परंपरेत हा प्रश्न अडीच हजार वर्षे विचारला गेला आहे, कारण श्रमणाला घर नाही आणि वाहनही नाही. आचारांग सूत्राच्या पहिल्या श्रुतस्कंधातील ‘उपधानश्रुत’ या अध्ययनात भगवान महावीरांच्या साडेबारा वर्षांच्या साधनाकाळातील भ्रमणाचे वर्णन आहे. ते कधी ओसाड घरात राहिले, कधी सभागृहात, कधी पाणपोईत, कधी कारागिरांच्या कामाच्या जागी, कधी स्मशानात, तर कधी झाडाच्या बुंध्याशी. लाढ देशात लोकांनी त्यांच्या अंगावर कुत्री सोडली, काही गावांनी वेशीवरूनच परत फिरविले, असेही तेथे सांगितले आहे. तीर्थंकरालाही रात्रीपुरती जागा नाकारली गेली, हे आगमाने झाकून ठेवलेले नाही.

मात्र याच परंपरेने एकट्याने चालण्याचा उदो उदो केला नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सामान्य साधूला एकलविहार वर्ज्य मानला गेला. तो धैर्य, ज्ञान व संयम यांत परिपक्व झालेल्यांसाठीच राखून ठेवला गेला. साध्वींचा विहार तर समूहानेच होतो. एकटेपण ही हौस नसून पात्रता आहे, असा त्याचा अर्थ. आज जो गृहस्थ एकट्याने तीर्थयात्रेस निघतो, त्यानेही प्रथम दोन-चार दिवसांची लहान वाट चालून आपले पाय, आपली झोप आणि आपले भय यांची परीक्षा घ्यावी, हे या मर्यादेचे व्यावहारिक रूप होय.

वऱ्हाडची वाट

शेगावच्या परिसराचे स्वरूप जाणल्यावाचून येथे उघड्यावर मुक्काम करणे धोक्याचे आहे. हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांच्या मोठ्या भागात भूगर्भातील पाणी खारट आहे. विहीर दिसली म्हणजे तहान भागेलच असे नाही. यात्रिकाने वस्तीतील नळाचे पाणी भरूनच पुढे निघावे. वैशाखात येथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात व त्यांत विंचू-साप आश्रय घेतात. मृगाच्या पहिल्या पावसात तीच जमीन चिखल होऊन पाय धरून ठेवते. म्हणून कार्तिकी पौर्णिमा ते फाल्गुन हा काळ या वाटेस सर्वांत अनुकूल. श्रमणांचा चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेस संपतो व विहार सुरू होतो, त्यात हेही शहाणपण आहे.

उन्हाळ्यात चालावेच लागले तर मोठा पेच उभा राहतो. ऊन टाळावे म्हणून पहाटे तीनला निघावे, तर महामार्गावर काळोखात मालमोटारींची वर्दळ असते आणि कडेने चालणारा चालकाला दिसत नाही. विहारातील साधू-साध्वींचे रस्त्यांवरील अपघात या समाजाने पुनःपुन्हा सोसले आहेत. सूर्योदयापूर्वी न चालण्याचा जुना नियम सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी होता. आज तो चालणाऱ्याच्या स्वतःच्या जीवाचेही रक्षण करतो. त्यापेक्षा दिवसाचा टप्पा लहान करावा. उजाडल्यापासून दहापर्यंत आणि ऊन उतरल्यावर सूर्यास्तापर्यंत चालावे. पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे जावे.

पाच समितींचा आजचा अर्थ

ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग या पाच समिती प्रत्येक जैन बालकास पाठ असतात. त्या एकट्या यात्रिकाच्या मुक्कामाला लावून पाहिल्या, तर त्यांतून एक परिपूर्ण आचारसंहिता हाती येते.

ईर्या समिती सांगते की पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे. वऱ्हाडात याला प्राणाचे मोल आहे. रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी काही ठिकाणी शेताच्या कडेने विजेचा प्रवाह सोडलेल्या तारा लावलेल्या असतात. असे करणे बेकायदेशीर आहे, तरी ते घडते आणि माणसे मरतात. अंधारात जवळची वाट म्हणून उभ्या पिकातून जाणे कटाक्षाने टाळावे.

भाषा समितीचे स्थान मुक्काम मागण्यात आहे. आचारांगाच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात ‘अवग्रह’ या विषयावर स्वतंत्र अध्ययन आहे. अवग्रह म्हणजे ज्याची जागा त्याची अनुज्ञा. किती जागा, किती काळ, हे स्पष्ट विचारून तेवढेच वापरावे. एकट्या यात्रिकाने सूर्य मावळण्यापूर्वी गावात पोहोचावे, पोलीस पाटील, सरपंच किंवा पुजारी यांस आपले नाव, गाव व उद्याची वाट सांगावी, ओळखपत्र मागण्याची वाट न पाहता स्वतः दाखवावे. न विचारता शेतात तंबू ठोकणाऱ्याला रात्री दोन वाजता काठ्या घेऊन आलेल्या माणसांना उत्तर द्यावे लागते. विचारून झोपलेल्याची तीच माणसे राखण करतात.

एषणा समिती मिळेल त्यात संतोष मानावयास शिकविते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपल्यास मुक्कामाच्या जागी चूल पेटवावी लागत नाही, उष्ट्याच्या वासाने कुत्री व जनावरे येत नाहीत, आणि वाळल्या गवताला आगीचे भय राहत नाही.

आदान-निक्षेपण म्हणजे वस्तू पाहून उचलणे, पाहून ठेवणे. साधू बसण्यापूर्वी रजोहरणाने किंवा पिच्छीने जागा हलकेच पुंजतो, की कोणी जीव दडपला जाऊ नये. हे प्रमार्जन यात्रिकासाठी तितकेच हितकर आहे. मण्यार हा अतिविषारी साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करतो; त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही व सकाळपर्यंत लक्षात येत नाही. म्हणून जागा झाडून, पाहून, शक्य तर ओट्यावर किंवा बाजेवर निजावे. जमिनीवरच निजावयाचे झाल्यास मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली घट्ट दाबाव्यात, अथवा तळाशी शिवलेला लहान तंबू वापरावा. पादत्राणे झटकूनच पायांत घालावीत. दंशाची नुसती शंका आली तरी मांत्रिकाकडे न जाता थेट शासकीय रुग्णालय गाठावे. जिवाला इजा होऊ नये म्हणून केलेली कृती येथे दोन्ही जिवांना वाचविते.

उत्सर्ग समिती मलमूत्र व टाकाऊ वस्तू यांच्या विसर्जनाची. ओढा, विहीर, पायवाट व पीक यांपासून दूर, निर्जीव जागा पाहावी. आजच्या काळात यात प्लॅस्टिकची भर पडली आहे. सकाळी निघताना जागा जशी होती त्याहून स्वच्छ असावी. मागून येणाऱ्या पांथस्थाला ती ओसरी पुन्हा मिळेल की नाही, हे आज निघालेल्याच्या वागण्यावर ठरते.

अरण्याबाबत एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला एक तरुण वाघ शेते, रस्ते, गावे ओलांडीत, सुमारे ३००० किलोमीटर फिरून, याच बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे हा प्रवास जगाला कळला. जिल्ह्यातील रान रिकामे नाही, हे त्यावरून ध्यानात यावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही. तेथील अवग्रह वन विभागाकडे मागावा आणि तो न मिळाल्यास वळसा घ्यावा.

देणाऱ्याचा धर्म

येथवर यात्रिकाचे कर्तव्य झाले. परंतु त्याने सर्व नियम पाळले आणि गावाने दार लावून घेतले, तर नियमांचा उपयोग काय?

दासगणू महाराजांच्या २१ अध्यायांच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात एक प्रसंग आहे. महाराज शेगावातून कोणास न सांगता निघाले, पिंपळगावच्या रानातील शिवमंदिरात एकटेच बसले, आणि पुढे भर दुपारी अकोलीच्या शिवारात पोहोचले. तेथे भास्कर नावाच्या शेतकऱ्याकडे त्यांनी पाणी मागितले. त्याने स्वतःसाठी दुरून आणलेले पाणी देण्यास नकार दिला व वर कठोर शब्द ऐकविले. पुढे कोरड्या विहिरीस पाणी लागले आणि तो शेतकरी शरण आला, अशी ती कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेचा पहिला अर्धा भाग विचार करावयास लावतो. भास्कर दुष्ट नव्हता. खारपाणपट्ट्यात डोक्यावरून आणलेला घडा हा त्याचा दिवसभराचा आधार होता, आणि समोरचा माणूस अनोळखी होता. आजही दार लागते ते बहुधा भीतीमुळे.

ही भीती एकट्या घराने दूर करावयाची नसते. ती रूढीने आणि संस्थेने दूर होते. नर्मदेची परिक्रमा पाहावी. शेगाव संस्थानची शाखा असलेल्या ओंकारेश्वराहून अनेक परिक्रमावासी निघतात. नदी उजव्या हाताला ठेवून, तिला न ओलांडता, दोन्ही तीर चालतात. सरदार सरोवराच्या जलाशयात काठावरची जुनी वाट बुडाली, लांबचे वळसे घ्यावे लागले, तरी परिक्रमा थांबली नाही. कारण काठावरील गरीब गावांनी सदावर्ताची रीत सोडली नाही. तेथे एकटा माणूस संशयास्पद मानला जात नाही. तो ‘परिक्रमावासी’ असतो, त्याला नाव असते.

जैन आचारशास्त्रानेही देणाऱ्यास असेच एक नाव दिले आहे : शय्यातर. जो निवासाची जागा देतो आणि त्या दानाने तरून जातो, तो. श्वेतांबर परंपरेत त्याच्या घरचा आहार साधू घेत नाहीत, कारण ज्याने जागा दिली त्याच्यावर दुसरा भार पडू नये. त्यामुळे साधू गेल्यावर पुढच्या साधूसाठी तेच दार पुन्हा उघडते.

आज महामार्गांवर अनेक जैन संस्थांनी विहारधामे बांधली आहेत. ती साधू-साध्वींसाठी आहेत आणि तेथील मर्यादा राखल्या गेल्याच पाहिजेत. परंतु आवाराच्या भिंतीला लागून एक झाकलेला ओटा, गोड्या पाण्याचा एक नळ, एक दिवा आणि एक नोंदवही एवढे ठेवले, तर कोणत्याही पंथाच्या एकट्या यात्रिकाची रात्र निभावेल व आतील मर्यादेलाही बाधा येणार नाही. नोंदवहीत नाव लिहिणारा माणूस अनोळखी राहत नाही. स्त्री यात्रिक असल्यास तिची सोय जवळच्या कुटुंबाकडे व्हावी, यासाठी गावातील दोन-तीन घरे आधीच ठरवून ठेवता येतील. याला मोठा निधी लागत नाही; रोज सायंकाळी कोणीतरी दिवा लावण्याची जबाबदारी तेवढी घ्यावी लागते.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या अहवालात किती खोल्या बांधल्या याची नोंद अवश्य असावी. त्याबरोबरच आपल्या दारावरून चालत गेलेला एकटा माणूस रात्री कोठे झोपला, याचीही चौकशी असावी. शेगावकडे येणाऱ्या प्रत्येक वाटेवर टप्प्याटप्प्याला असा एकेक ओटा झाला, तर खारपाणपट्ट्यातील कोणत्याही भास्कराला आपल्या एकट्याच्या घड्याची चिंता करावी लागणार नाही.

जय जिनेंद्र.