मुद्दाम केलं का त्यानं?

(नशिराबाद येथे ग्रामसंघाच्या बैठकीत केलेले भाषण)

बचतीचा हिशोब झाला, आता थोडा वेळ मला द्या.

माझं लग्न झालेलं नाही. ‘ही पोरगी आम्हाला लेकरं वाढवायला शिकवणार?’ असं तुम्हाला वाटणारच. म्हणून आधी माझीच चूक सांगते. दिवाळीत माझ्या दोन वर्षांच्या भाच्यानं गटाच्या वहीवर पाणी सांडलं. मी ‘नको’ म्हटलं, तर माझ्याकडे बघून हसला आणि परत सांडलं. मला वाटलं, मुद्दाम करतोय. दिला एक धपाटा. समाजकार्य शिकलेली मी! त्याला फक्त बघायचं होतं, मावशी काय करते. वहीचं मोल त्याला काय ठाऊक?

हात उठायच्या आधी मनात हेच येतं, ‘याला कळतं, तरी करतो.’ २००७ साली केंद्र सरकारचा एक अहवाल आला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं होतं. तीनातल्या दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. घरात मार खाल्लेल्या बहुतेकांना मारणारे आईबापच होते.

तान्हं बाळ तर साधारण दीड-दोन महिन्यांचं असताना सगळ्यात जास्त रडतं, पोट भरलेलं असलं तरी. ते छळत नसतं. रागानं गदागदा हलवलं तर डोक्यात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. डोकं फिरलं तर बाळाला अंथरुणावर ठेवा, सासूबाईंना हाक मारा, दोन मिनिटं ओट्यावर जाऊन बसा. रडणं थांबतच नसेल, अंग तापलं असेल, तर दवाखाना.

आणि ‘याला कळतं’ म्हणूनच अपघातही होतात बरं. ‘चुलीजवळ जाऊ नको म्हणून सांगितलंय, नाही जाणार तो.’ तीन वर्षांच्या पोराला आपलं बोलणं पाठ असतं, पण हात आवरत नाही. मग भाजलं की वरून ‘सांगितलं होतं ना’ म्हणून मार, नाहीतर ‘नशीब’ म्हणून गप्प. कपाशीवर फवारायचं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून खाटेखाली ठेवतो आपण. त्यात नशिबाचा काय दोष?

कुठल्या लेकराला फार मार बसताना दिसला तर १०९८ वर फोन करा, पैसे लागत नाहीत.

पुढच्या बैठकीत मी एकच विचारणार आहे, औषधाची बाटली कुठे ठेवली? कुलपात म्हणालात तर घरी येऊन बघीन. चहा ठेवा.