धुळ्याची प्रत परत येते तेव्हा

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात नानासाहेब देवांनी रामदासी मठामठांतून गोळा केलेली बाडं आहेत. एका मठातली पोथी कसरीने खाल्ली, तरी दुसऱ्या मठातल्या पोथीवरून ती पुन्हा उतरवता येई. आज स्टोरेजची प्रत दुसऱ्या गावी ठेवतात, ती याच हिशोबाने.

समजा, जळगावच्या एका बँकेचं मुख्य स्टोरेज जळगावातच आहे आणि प्रत धुळ्याला. अंतर नव्वदेक किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन यायला जेमतेम 1 मिलिसेकंद. त्यामुळे दोन्हीकडे नोंद पक्की झाल्यावरच पावती द्यायची, हे इथे परवडतं.

आता समजा, पांझरा नदीला पूर आला आणि धुळ्याची साइट बंद पडली. जळगावचं काउंटर थांबत नाही. स्टोरेज फक्त खूण करून ठेवतं की अमुक तुकडा बदलला, तो धुळ्याला गेलेला नाही. दर 4 केबीच्या तुकड्याला एक बिट धरला, तर 1 टीबीच्या खुणा 32 एमबीत मावतात. या खुणांचं मोल फार मोठं आहे. 100 एमबीपीएसच्या लाइनवर 10 टीबीची अख्खी प्रत पाठवायला नऊ दिवस लागतात. बदललेले 200 जीबीच पाठवायचे असतील, तर साडेचार तास पुरतात.

धुळ्याचे दिवे परत लागले की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मला मात्र खरी धास्ती तिथूनच सुरू होते. बंद पडलेली धुळ्याची प्रत जुनी असते, पण एकसंध असते. पुरापूर्वीच्या क्षणाचा हिशोब तिच्यात पुरा जुळतो. रीसिंक, म्हणजे राहिलेले तुकडे धुळ्याला पाठवणं, सुरू झालं की ते डिस्कवरच्या क्रमाने येतात, व्यवहार झाले त्या क्रमाने नाही. अमळनेरच्या जिनिंगवाल्याच्या खात्यातून कापसाचे पैसे गेलेले दिसतात, पण शिरपूरच्या शेतकऱ्याच्या खात्यात ते आलेले नसतात. तलाठ्याने फेरफार अर्धाच लावावा आणि तेवढ्यात सातबारा कोणी मागावा, तसं ते होतं. त्या साडेचार तासांत जळगाव पडलं, तर जुनी प्रत मोडलेली आणि नवी पुरी झालेली नाही.

म्हणून रीसिंकचं बटण दाबण्याआधी धुळ्याच्या जुन्या प्रतीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घ्यायचा. तो लिहिला गेला, उघडून पाहिला, मगच पुढे जायचं. आणि पडद्यावरच्या रीसिंकच्या बाणाची दिशा दोघांनी मोठ्याने वाचायची: कुठून कुठे. दिशा उलटी पडली, तर जुनं नव्यावर चढतं आणि पुरानंतरचे सगळे व्यवहार पुसले जातात.

एका ठिकाणी मी स्वतः स्नॅपशॉट न घेता बटण दाबलं होतं. तिसऱ्या तासाला मुख्य साइटची वीज गेली, यूपीएसही बसला आणि त्यात डिस्क गेल्या. आदल्या रात्रीचा टेप बॅकअप लावला, आणि त्यानंतरच्या दिवसभराच्या स्लिपा शिपायाने कपाटातून काढून टेबलावर आणून ठेवल्या. भरणा गुलाबी, काढणं पिवळं. आम्ही चौघं पहाटेपर्यंत एकेक रक्कम वाचत आणि टंकत बसलो. एका स्लिपेवर पावसाचं पाणी पडून आकडा फुटला होता. तो 3 आहे की 8, हे सकाळी खातेदार पासबुक घेऊन आला तेव्हा कळलं.