मोडीतल्या विमानांचे ऋण

लखनौ शहरातून फैजाबादकडे, म्हणजे आजच्या अयोध्येकडे, जाणाऱ्या हमरस्त्यावर हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचा एक कारखाना आहे. तो १९७० साली स्थापन झाला. विमानांचा कारखाना म्हणून कुतूहलाने तेथे जाणाऱ्याची प्रथम थोडी निराशा होण्याचा संभव आहे. कारण या कारखान्यात अखंड विमान तयार होत नाही. तेथे तयार होतात ती विमानाची चाके व ब्रेक, उतरताना सारा भार पेलणारी चाकांची चौकट, तेलाच्या दाबावर चालणारे पंप, इंजिनाला इंधन पुरविणाऱ्या यंत्रणा आणि वैमानिकाच्या समोरील मापके. असल्या सुट्या भागांसाठी स्वतंत्र कारखाना कशाला हवा होता, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी लखनौपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवरील कानपूरला आणि १९४८ सालाकडे वळावे लागते. पण त्याही आधी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

या कंपनीचा पाया घातला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. जहाजांच्या धंद्यात परकीय कंपन्यांशी झुंज दिलेल्या या उद्योगपतीच्या मनात विमानाच्या कारखान्याची कल्पना दुसरे महायुद्ध सुरू होताच रुजली. विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाचे साहाय्य आणि म्हैसूर संस्थानाचे भागभांडवल मिळवून त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे 'हिंदुस्तान एअरक्राफ्ट' ही कंपनी स्थापन केली. पुढील वर्षी हिंदुस्थान सरकार तिचे भागीदार झाले. बाहेरून आलेले भाग जोडून १९४१ साली पहिले विमान आकाशात गेले. तथापि जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले आणि परिस्थिती पालटली. १९४२ मध्ये सरकारने वालचंद यांचे भाग विकत घेतले, आणि १९४३ मध्ये कारखान्याचा कारभार अमेरिकन हवाई दलाकडे गेला. विमाने बांधण्याचा विचार मागे पडला. पूर्वेच्या आघाडीवरून येणारी विमाने दुरुस्त करून परत पाठविणे, एवढेच काम उरले.

वरवर पाहता ही मोठीच पीछेहाट होती. पण युद्धाची ती वर्षे वाया गेली नाहीत. डाकोटा ही मालवाहू विमाने, पाण्यावर उतरणारी कॅटालिना, लिबरेटर ही बाँबफेकी विमाने अशा निरनिराळ्या यंत्रांचे अंतरंग भारतीय कामगारांच्या हाताखालून गेले. इंजिन उकलावे कसे, झिजलेला भाग मोजावा कसा, केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी कशी, याचे शिक्षण त्यांना कोणत्याही विद्यालयात मिळाले नसते.

१९४५ मध्ये युद्ध संपले आणि अमेरिकन निघून गेले. मागे राहिला मोठा कारखाना, शिकलेले मनुष्यबळ आणि काम कोठून आणावे ही विवंचना. त्या विवंचनेतून कंपनी ज्या कामांच्या आधारे तरली, त्यांत लष्करी विमानांचे नागरी रूपांतर हे एक प्रमुख काम होते. युद्धाने हजारो डाकोटा विमाने बांधविली होती. त्यांतील अनेक विमाने आता अतिरिक्त ठरून स्वस्तात विकली जात होती. भारतात नव्या हवाई कंपन्या निघत होत्या आणि त्यांना विमाने हवी होती. पण सैनिक आणि दारूगोळा वाहून नेणाऱ्या विमानात तिकीट काढलेल्या उतारूला बसविता येत नाही. भिंतीलगतची पत्र्याची बाके काढावयाची, मालासाठी केलेली जड जमीन बदलावयाची, आवाज आणि थंडी अडविणारे अस्तर लावावयाचे, वीस-पंचवीस आसने बसवावयाची, बिनतारी संदेशाची उपकरणे पालटावयाची, आणि इतके झाल्यावर उड्डाणयोग्यतेचे सरकारी प्रमाणपत्र मिळवावयाचे, असा तो सारा खटाटोप असे. बंगळूरच्या कारखान्याने तो अंगावर घेतला. याच काळात त्याने रेल्वेचे डबेही बांधले. कामगारांचे हात रिकामे राहू नयेत हाच त्यामागील हेतू होता.

या रूपांतराने कंपनीला पैसा मिळाला, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक मिळाले. लष्कर हुकूम देते. हवाई कंपनी विमान केव्हा मिळणार ते विचारते, खर्च विचारते आणि उद्या बिघाड झाल्यास जबाबदार कोण हेही विचारते. या प्रश्नांची उत्तरे देता देता दुरुस्तीच्या शेडला उद्योगाची शिस्त लागली. डाकोटा विमानांनी देशाची केवढी सेवा केली हे सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य पोहोचविण्यासाठी हवाई दलाच्या जोडीला नागरी कंपन्यांच्याही डाकोटा धावून गेल्या. जानेवारी १९४९ पासून मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने रात्री नागपूरला एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. तो भारही डाकोटांनीच वाहिला.

खरी कसोटी लागली ती कानपूरला. शहराबाहेर चकेरीच्या विमानतळावर युद्धातील शंभराच्या आसपास लिबरेटर विमाने पडून होती. ती ब्रिटिश हवाई दलाला अमेरिकेकडून उसनवारीच्या करारान्वये मिळालेली होती. युद्धानंतर ती चालू स्थितीत कोणाच्या हाती पडावयाची नव्हती. म्हणून ती हेतुपुरस्सर निकामी करण्यात आली. मापके फोडली गेली, इंजिनांत वाळू ओतली गेली, सांगाड्यांची मोडतोड झाली. नव्या भारतीय हवाई दलापाशी एकही जड बाँबफेकी विमान नव्हते आणि बाहेरून विकत घेण्यास पैसा नव्हता. त्या ढिगाऱ्यातून काही हाती लागते का, हे पाहण्याचे काम हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे आले. परकीय जाणकारांचे मत प्रतिकूल होते.

येथे पूर्वीच्या अनुभवाचे मोल कळून आले. डाकोटाला दोन इंजिने आणि लिबरेटरला चार. पण ती एकाच कुळीची, प्रॅट अँड व्हिटनीची 'ट्विन वास्प' इंजिने होती. कॅटालिनालाही तीच असत. लिबरेटरच्या इंजिनाला उंचावरील विरळ हवेसाठी टर्बाइनची जास्त जोड होती खरी, परंतु मूळ यंत्र कामगारांच्या ओळखीचे होते. त्यांनी कानपूरच्या उघड्या माळावर एकेका विमानाची केवळ उडण्यापुरती डागडुजी केली. पुढचा भाग वैमानिकाचा होता. कंपनीचे प्रमुख चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी ही अर्धवट दुरुस्त विमाने सुमारे दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या बंगळूरला उडवीत नेत. तेथे त्यांचा खरा जीर्णोद्धार होई. जे विमान पूर्वी मुद्दाम मोडण्यात आले होते, ते बंगळूरपर्यंत तग धरील याची हमी कोण देणार? कामगाराने आवळलेल्या प्रत्येक चावीवर एका माणसाचा जीव अवलंबून होता, आणि तो माणूस पुन्हा पुन्हा कानपूरला येत राहिला.

अशी ४२ विमाने पुन्हा उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये कानपूरलाच हवाई दलाचे पाचवे स्क्वाड्रन या विमानांवर स्थापन झाले. पुढे सहाव्या स्क्वाड्रनने समुद्रावरील टेहळणीसाठी ती वापरली आणि १९६८ पर्यंत ती सेवेत राहिली. जगातील इतर लिबरेटर तोपर्यंत बहुतेक भंगारात गेली होती. त्यामुळे ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा येथील संग्रहालयांना आपल्या युद्धाची आठवण जपण्यासाठी भारताकडून ही विमाने न्यावी लागली.

या यशाने कंपनीची पत वाढली. ऑगस्ट १९५१ मध्ये तिचे स्वतःचे शिकाऊ विमान, एच.टी.-२, आकाशात गेले. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी त्याचा आराखडा केला होता, आणि पहिल्या उड्डाणाच्या वेळी त्याचे सुकाणू मुन्शी यांच्याच हाती होते. भारतात आराखडा होऊन उत्पादनास गेलेले ते पहिले विमान होय. तथापि येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. दुरुस्तीतून आराखडा आपोआप जन्मत नाही. मोडके विमान उकलणाऱ्याला ते कसे केले आहे हे कळते. ते तसेच का केले, हे कळण्यास निराळा अभ्यास लागतो. घाटगे यांनी तो जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्यापाशी केला होता. कारखान्याची कारागिरी आणि शास्त्रज्ञाची विद्या एकत्र आल्या, तेव्हाच एच.टी.-२ उभे राहिले.

कानपूरच्या यशाला दुसरीही एक मर्यादा होती. शंभरांतील ४२ विमाने उभी राहिली. बाकीची कोठे गेली? एका विमानाचे चाक दुसऱ्याला, तिसऱ्याचा पंप चौथ्याला, अशा रीतीने एकास वाचविण्यासाठी दुसरे मोडावे लागे. सुटे भाग देशात होत नव्हते आणि ते विकत घेण्याची ऐपत नव्हती. ढिगारा होता तोवर हे चालले. पण ढिगारा कधीतरी संपतोच, आणि परदेशातून येणारा पंप वेळेवर न आल्यास धडधाकट विमानही हँगरमध्येच बसून राहते.

पुढील काळात कानपूरला हवाई दलाने १९६० साली विमाननिर्मितीचे केंद्र काढले आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये तेथील पहिले ॲव्हरो विमान उडाले. मिग विमानांसाठी नाशिकजवळ ओझर, तसेच कोरापुट व हैदराबाद येथे कारखान्यांची योजना झाली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी या सर्वांची मिळून हिंदुस्तान एरोनॉटिक्स ही एक कंपनी झाली. विमाने आणि इंजिने देशात होऊ लागली, तरी त्यांच्या पोटातील असंख्य उपकरणे बाहेरूनच येत. ती देशात व्हावीत या उद्देशाने लखनौचा कारखाना निघाला. त्यानेही प्रथम परदेशी उत्पादकांशी करार करून त्यांचे भाग बांधले आणि दुरुस्त केले, व पुढे स्वतःचे आराखडे हाती घेतले. बंगळूरने चोखाळलेली वाटच त्याने पुन्हा चोखाळली.

लखनौच्या कारखान्यातून उड्डाणाचा गडगडाट ऐकू येत नाही. तेथील कामगाराने घडविलेला पंप कोणत्या विमानात बसला, हे पुष्कळदा त्याला दिसतही नाही. पण तो पंप वेळेवर पोहोचला, म्हणजे एक विमान उडविण्यासाठी दुसरे मोडण्याची पाळी येत नाही. चकेरीच्या माळावर ज्यांना ती पाळी रोज येत होती, त्यांना या कामाची थोरवी समजावून सांगावी लागली नसती.